विश्लेषण : थायरॉइडची चाचणी स्वस्त, गोळीही स्वस्त, मग स्त्रियांचे निदान उशिरा का?

शहरातल्या बहुतेक पॅथॉलॉजी लॅबच्या दारावर थायरॉइड चाचणीच्या ‘पॅकेज’चा फलक असतो. घरी येऊन रक्त नेले जाते, संध्याकाळी अहवाल मोबाइलवर येतो आणि आकड्यापुढे खूण दिसली की नात्यातल्या कुणाची तरी गोळी ‘आपल्यालाही लागू पडेल’ म्हणून सुरू होते. त्याच शहरापासून तासाभराच्या अंतरावर एखादी बाई वर्षभर थकव्यासाठी लोहाच्या गोळ्या घेत असते आणि तिचा थायरॉइड कुणी तपासलेलाच नसतो. थायरॉइडबाबत आपल्याकडचे खरे दुखणे हेच आहे. चाचणी आहे, औषध आहे. पण ज्या बाईला त्यांची गरज आहे, तिच्यापर्यंत ती वेळेत पोहोचत नाहीत.

थायरॉइड ग्रंथी नेमके काय करते?

‘मला थायरॉइड आहे’ असे सर्रास म्हटले जाते. खरे तर थायरॉइड प्रत्येकालाच असतो. गळ्याच्या पुढच्या भागात, श्वासनलिकेला लागून असलेली फुलपाखराच्या आकाराची ही ग्रंथी. मराठीत तिला अवटू ग्रंथी म्हणतात. ती टी-४ आणि टी-३ ही संप्रेरके तयार करते आणि त्यासाठी तिला आयोडीन लागते. शरीरातील जवळपास प्रत्येक पेशीने किती वेगाने काम करायचे, हे या संप्रेरकांवर ठरते. हृदयाचे ठोके, शरीराची उष्णता, आतड्यांची हालचाल, त्वचा, केस, मनाची उभारी आणि मासिक पाळी या सगळ्यांशी त्यांचा संबंध आहे.

या ग्रंथीवर मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका ग्रंथीची देखरेख असते. थायरॉइडचे काम मंदावले की पीयूषिका तगादा वाढवते. हा तगादा म्हणजेच टीएसएच. म्हणून थायरॉइड मंदावलेला असतो तेव्हा टीएसएचचा आकडा वाढलेला दिसतो आणि थायरॉइड जास्त काम करत असतो तेव्हा तो कमी झालेला दिसतो. अहवाल वाचताना अनेकांचा गोंधळ इथेच होतो. टीएसएच वाढला म्हणजे थायरॉइड वाढला, असा उलटा अर्थ काढला जातो.

स्त्रियांमध्येच प्रमाण जास्त का?

थायरॉइडचे विकार स्त्रियांना पुरुषांपेक्षा कित्येक पटींनी अधिक होतात. देशातील आठ शहरांत झालेल्या आणि २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीत सुमारे ११ टक्के प्रौढांमध्ये थायरॉइडची कमतरता आढळली. स्त्रियांमध्ये हे प्रमाण सुमारे १६ टक्के, तर पुरुषांमध्ये ५ टक्के होते. मुंबई आणि गोवा यांचाही त्या पाहणीत समावेश होता. ज्यांच्यात कमतरता आढळली त्यांच्यापैकी जवळपास एकतृतीयांश लोकांना तोवर त्याची कल्पनाच नव्हती.

जिथे आयोडीनचा पुरवठा पुरेसा आहे, तिथे या कमतरतेचे मुख्य कारण असते हाशिमोटो थायरॉइडायटिस. जपानी डॉक्टर हाकारू हाशिमोटो यांनी १९१२ मध्ये त्याचे वर्णन केले. शरीराची प्रतिकारशक्ती यात स्वतःच्याच थायरॉइडवर हल्ला करते आणि ग्रंथी हळूहळू निकामी होत जाते. अशा स्वप्रतिकारक आजारांचे प्रमाण एकूणच स्त्रियांमध्ये अधिक आहे. एक्स गुणसूत्र, इस्ट्रोजेनसारखी संप्रेरके आणि गर्भारपणात प्रतिकारशक्तीत होणारे बदल यांचा त्यात वाटा असल्याचे मानले जाते. आई, मावशी किंवा बहिणीला थायरॉइडचा विकार असेल, तर शक्यता आणखी वाढते.

याची ओळख वैद्यकाला नव्याने झालेली नाही. १८७३ मध्ये लंडनचे डॉक्टर विल्यम गल यांनी चेहरा सुजट, बोलणे जड आणि हालचाली संथ होत जाणाऱ्या रुग्णांचे वर्णन केले, तेव्हा त्यांच्या निबंधाच्या शीर्षकातच ‘प्रौढ वयातील स्त्रिया’ असा उल्लेख होता. १८९१ मध्ये जॉर्ज मरे या इंग्लिश डॉक्टरने अशाच एका ४६ वर्षांच्या स्त्रीवर मेंढीच्या थायरॉइडचा अर्क टोचून उपचार सुरू केले. ती स्त्री पुढे २८ वर्षे जगली. आज दिली जाणारी लिव्होथायरॉक्सिनची गोळी म्हणजे शुद्ध स्वरूपातले तेच संप्रेरक. देशाच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत ती आहे आणि तिचा रोजचा खर्च टपरीवरच्या एका चहापेक्षा कमी आहे. उपचार सव्वाशे वर्षांहून जुना असताना निदान मात्र रखडते.

निदान का लांबते?

पहिले कारण म्हणजे या आजाराला स्वतःचे असे ठळक लक्षण नाही. थकवा, थंडी न सोसणे, बद्धकोष्ठ, कोरडी त्वचा, केस गळणे, विसराळूपणा, उदासी, अंग जड वाटणे यांतले काही ना काही प्रत्येक घरातल्या बाईला असतेच आणि त्याचे स्पष्टीकरणही तयार असते. विशीत ‘अभ्यासाचा ताण’, तिशीत ‘मुले लहान आहेत’, चाळिशीत ‘वय झाले’, पन्नाशीत ‘पाळी जायची वेळ आली’. प्रत्येक वयाला लागू पडणारे कारण हाताशी असले की तपासणीची गरज कुणालाच वाटत नाही. बहुतेकदा त्या बाईलाही नाही.

दुसरे कारण रक्तक्षयाचे आहे. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार (२०१९-२१) महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातल्या सुमारे ५४ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आहे. इतके प्रमाण असल्यावर थकलेली बाई दिसली की लोहाची गोळी दिली जाते, हे समजण्यासारखे आहे. पण थायरॉइडच्या कमतरतेत पाळीत अतिरक्तस्राव होऊ शकतो, त्यातून रक्त कमी होते आणि थकवा वाढतो. अशा बाईला केवळ लोह देणे म्हणजे गळक्या माठात पाणी ओतत राहणे. काही महिने नीट गोळ्या घेऊनही हिमोग्लोबिन वाढत नसेल किंवा थकवा हटत नसेल, तर इतर कारणांबरोबर थायरॉइडही तपासायला हवा.

थायरॉइड जास्त काम करू लागला तर चित्र उलटे असते. भूक असूनही वजन उतरणे, धडधड, हात थरथरणे, घाम, झोप न लागणे, चिडचिड, पाळीत स्राव कमी होणे. ग्रेव्ह्ज आजारात डोळे बाहेर आल्यासारखे दिसू शकतात. यातल्या धडधडीवर आणि अस्वस्थतेवर ‘मनाला लावून घेते’ असा शिक्का बसतो. हा विकार दुर्लक्षित राहिला तर हृदयाची लय बिघडू शकते आणि हाडे ठिसूळ होऊ शकतात.

पाळी, पीसीओएस आणि वंध्यत्वाशी काय संबंध?

थायरॉइडची कमतरता तीव्र असेल तर प्रोलॅक्टिन हे संप्रेरक वाढू शकते आणि बीजकोशातून बीज बाहेर पडण्याची प्रक्रिया विस्कळीत होते. पाळी लांबते, चुकते किंवा फार जाते. दिवस राहण्यात अडचण येते. पीसीओएसमध्येही पाळी अनियमित होते आणि वजन वाढते. म्हणून पीसीओएसचे निदान करण्यापूर्वी थायरॉइड आणि प्रोलॅक्टिन तपासून ती कारणे बाजूला सारावीत, असा वैद्यकीय नियम आहे. केवळ सोनोग्राफीच्या अहवालावरून वीस वर्षांच्या मुलीला पीसीओएसचे नाव देऊन मोकळे होणे या नियमात बसत नाही.

अतिरक्तस्रावाचेही तसेच आहे. बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये राज्यभर गाजला. त्यामागे मजुरीचे, उचलीचे आणि खासगी रुग्णालयांच्या व्यवहाराचे प्रश्न होते. ते थायरॉइडच्या नावावर टाकता येणार नाहीत. पण पाळीच्या तक्रारीचे कारण न शोधता अवयवच काढून टाकण्याची सवय त्या प्रकरणाने उघडी पाडली. रक्तस्रावाचे कारण शोधताना थायरॉइडची लक्षणे दिसत असतील, तर काही शे रुपयांची ही चाचणी शस्त्रक्रियेच्या निर्णयाआधी व्हायला हवी.

गर्भारपणात वेळेला इतके महत्त्व का?

गर्भाची स्वतःची थायरॉइड ग्रंथी पहिल्या तीन महिन्यांच्या अखेरीस काम करू लागते आणि पाचव्या महिन्याच्या आसपास सक्षम होते. तोवर बाळाच्या मेंदूच्या वाढीसाठी लागणारे थायरॉइड संप्रेरक आईकडूनच येते. आईची गरजही या काळात सुमारे ३० ते ५० टक्क्यांनी वाढते. आधीपासून गोळी घेणाऱ्या स्त्रीने दिवस राहिल्याचे कळताच डॉक्टरांना गाठणे म्हणूनच आवश्यक असते. पुढच्या ठरलेल्या तपासणीची वाट पाहून चालत नाही. ‘गर्भारपणात औषधे नकोत’ म्हणून घरच्यांच्या सांगण्यावरून गोळी थांबवणे हा सर्वांत महागात पडणारा गैरसमज. ही गोळी बाळाला अपाय करत नाही. उपचारांवाचून राहिलेली मोठी कमतरता मात्र गर्भपात, अपुऱ्या दिवसांची प्रसूती आणि बाळाच्या बौद्धिक वाढीवरील परिणाम यांचा धोका वाढवते.

केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने २०१४ मध्ये गर्भवतींच्या थायरॉइड तपासणीसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांत सरसकट सर्वांची नव्हे, तर जोखीम असलेल्या गर्भवतींची चाचणी सांगितली आहे. घरात थायरॉइडचा इतिहास, पूर्वीचे गर्भपात, वंध्यत्व, गलगंड, जास्त वजन, टाइप-१ मधुमेह, आयोडीनची कमतरता असलेला भाग हे जोखमीचे निकष. सूचना वाजवी आहे, पण तिचा उपयोग पहिल्या तिमाहीत नोंद झाली तरच. तिसऱ्या-चौथ्या महिन्यापर्यंत दिवस राहिल्याचे न सांगण्याची रीत आणि कामासाठीचे स्थलांतर यांत नेमके तेच आठवडे निघून जातात.

बाळंतपणानंतरचे वर्षही धोक्याचे असते. साधारण ५ ते १० टक्के स्त्रियांमध्ये या काळात थायरॉइडला सूज येते. आधी काही आठवडे धडधड आणि चिडचिड, मग काही महिने सुस्ती व उदासी असा त्याचा क्रम असू शकतो. बाळामुळे झोप होत नाही म्हणून हे सारे गृहीत धरले जाते. बहुतेकींचा थायरॉइड पूर्ववत होतो, काहींची कमतरता मात्र कायमची राहते. बाळंतपणानंतर उदास असलेल्या स्त्रीची मानसिक आरोग्याच्या दृष्टीने विचारपूस हवीच. तिच्यासोबत टीएसएचही हवा.

आणि बाळाचे काय? साधारण हजार नवजातांमागे एकाचा थायरॉइड जन्मतःच काम करत नाही. बाळ दिसायला निरोगी असते. लक्षणे दिसेपर्यंत मेंदूचे भरून न येणारे नुकसान झालेले असते. टाचेतून घेतलेल्या रक्ताच्या काही थेंबांवर तिसऱ्या दिवशी निदान होते आणि दोन आठवड्यांत गोळी सुरू झाली तर मूल इतर मुलांसारखेच वाढते. अनेक देशांत ही चाचणी सक्तीची आहे. आपल्याकडे अजून ती बहुतांशी बाळ कुठल्या रुग्णालयात जन्मले यावर अवलंबून आहे.

टीएसएच थोडा वाढला तर लगेच गोळी हवी का?

नेहमीच नाही. टी-४ सामान्य आणि टीएसएच जेमतेम वाढलेला, या अवस्थेला सौम्य किंवा सुप्त कमतरता म्हणतात. टीएसएच दिवसाच्या वेळेनुसार, नुकत्याच झालेल्या आजारपणानुसार बदलतो. वयानुसारही तो थोडा वाढतो. केस आणि नखांसाठी घेतल्या जाणाऱ्या बायोटिनच्या गोळ्यांमुळे काही यंत्रांवर अहवाल चुकीचा येऊ शकतो. त्यामुळे किंचित वाढलेला आकडा दोन-तीन महिन्यांनी पुन्हा तपासणे हा पहिला उपाय आहे. बऱ्याच जणींचा आकडा आपोआप खाली येतो.

टीएसएच १० च्या वर राहिला तर सहसा उपचार केले जातात. त्याखाली असेल तर वय, लक्षणे, अँटी-टीपीओ प्रतिपिंडे आणि गर्भधारणेचा विचार पाहून डॉक्टर निर्णय घेतात. पासष्टीपुढच्या रुग्णांवर झालेल्या आणि २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या युरोपातील चाचणीत सौम्य कमतरतेवर दिलेल्या गोळीने थकव्यात किंवा इतर लक्षणांत फरक पडला नव्हता. उलट मात्रा गरजेपेक्षा जास्त झाली तर पाळी गेलेल्या स्त्रीची हाडे झिजतात आणि हृदयाची लय बिघडण्याचा धोका वाढतो.

वजनाबाबतही भ्रम मोठा आहे. थायरॉइडच्या कमतरतेमुळे वाढणारे वजन साधारण दोन ते पाच किलो असते आणि त्यात साठलेले पाणी व क्षार यांचा वाटा बराच असतो. १५-२० किलोंचे कारण एकट्या थायरॉइडमध्ये सापडत नाही. ही गोळी वजन उतरवण्यासाठी नाही. त्या हेतूने ती घेणे धोक्याचे आहे.

गोळी सुरू असूनही आकडा का हलत नाही?

याचे उत्तर अनेकदा स्वयंपाकघरात सापडते. लिव्होथायरॉक्सिन रिकाम्या पोटी, साध्या पाण्यासोबत घ्यायचे असते आणि त्यानंतर अर्धा ते एक तास काही खायचे-प्यायचे नसते. चहा, कॉफी, दूध यांच्यामुळे ते कमी शोषले जाते. सांगायला हे सोपे आहे. पण घरात सर्वांआधी उठून पाणी भरणारी, डबे करणारी, सासऱ्यांचा चहा ठेवता ठेवता स्वतःचा घोट घेणारी बाई हा अर्धा तास आणणार कुठून? मग गोळी चहाबरोबर जाते किंवा राहून जाते. आकडा हलला नाही की मात्रा वाढवली जाते. मधले कारण कुणी विचारतच नाही. सकाळ जमत नसेल तर रात्रीच्या जेवणानंतर तीनेक तासांनी, झोपताना गोळी घेण्याचा पर्याय आहे. डॉक्टरांशी बोलून तो निवडता येतो.

गर्भवतींची अडचण आणखी वेगळी. त्यांना सरकारी कार्यक्रमातून लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्या मिळतात. या दोन्ही गोळ्या थायरॉइडच्या गोळीचे शोषण अडवतात, म्हणून त्यांच्यात चार तासांचे अंतर लागते. लोह आणि कॅल्शियमही एकत्र घ्यायचे नसते. वेळापत्रक कागदावर लिहून दिले नाही, तर सगळ्या गोळ्या एकाच मुठीत घेतल्या जाणार. उपवासाच्या दिवशी गोळी चुकवण्याचीही गरज नाही. ती पाण्यासोबतच घ्यायची आहे. गोळ्यांची बाटली शेगडीजवळच्या फडताळात न ठेवता उष्णता आणि ओलाव्यापासून दूर ठेवावी. मात्रा किंवा ब्रँड बदलल्यावर सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएच पुन्हा तपासावा. त्याआधी तपासले तर आकडा फसवा येतो, कारण हे औषध शरीरात सावकाश स्थिरावते.

मीठ, कोबी आणि पथ्य यांचे काय?

भारतात गलगंडाविरुद्धचा राष्ट्रीय कार्यक्रम १९६२ मध्ये सुरू झाला. हिमाचलातील कांगडा खोऱ्यात डॉ. व्ही. रामलिंगस्वामी आणि सहकाऱ्यांनी केलेल्या कामातून आयोडीनयुक्त मिठाचा प्रभाव सिद्ध झाला होता. खाण्यासाठी आयोडीनविरहित मिठाच्या विक्रीवर २००६ पासून देशभर बंदी आहे. या एका उपायाने असंख्य मुलांची बुद्धी वाचली. अलीकडे मात्र ‘नैसर्गिक’ म्हणून रोजच्या स्वयंपाकातही सैंधव वापरले जाते. सैंधवात मुळात आयोडीन नगण्य असते. उपवासापुरते ते ठीक. पण मूल होण्याचा विचार असलेल्या किंवा गर्भवती स्त्रीच्या घरात रोजचे मीठ आयोडीनयुक्तच असायला हवे.

याचा अर्थ जास्त आयोडीन म्हणजे जास्त फायदा, असाही नाही. हाशिमोटो असलेल्यांमध्ये आयोडीनच्या जादा गोळ्या त्रास वाढवू शकतात. कोबी, फ्लॉवर, मुळा कायमचे सोडण्याचेही कारण नाही. आहारात आयोडीन पुरेसे असेल तर शिजवून, नेहमीच्या प्रमाणात खाल्लेल्या या भाज्या अपाय करत नाहीत. आधीच रक्त कमी असलेल्या बाईच्या ताटातून पथ्याच्या नावाखाली आणखी चार पदार्थ काढून घेण्याने तिचे नुकसानच होते.

मग काय व्हायला हवे?

सर्वांची सरसकट चाचणी करण्यापेक्षा क्रम ठरवणे अधिक गरजेचे आहे. पहिल्या तिमाहीतल्या जोखमीच्या गर्भवती आणि नवजात बाळे यांचा मान पहिला, कारण तिथे गेलेला वेळ परत मिळत नाही. त्यानंतर वंध्यत्व, वारंवार गर्भपात, पाळीच्या तक्रारी, न हटणारा रक्तक्षय, बाळंतपणानंतरची उदासी असलेल्या स्त्रिया. टीएसएच ही चाचणी प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात आणि गोळी प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात वर्षभर उपलब्ध असणे ही काही मोठी मागणी नाही. आशा कार्यकर्तीच्या नोंदवहीत ‘घरात कुणाला थायरॉइड आहे का’ हा एक प्रश्न आणि गोळ्यांचे लिखित वेळापत्रक यांची भर घातली, तरी बरेच साधेल.

खासगी क्षेत्रात उलट सुधारणा हवी. पॅकेजमधल्या आकड्यावर नव्हे, तर समोर बसलेल्या बाईच्या तक्रारीवर औषध ठरायला हवे आणि सौम्य वाढ असेल तेव्हा थांबण्याचा सल्लाही द्यायला हवा. घरातल्यांचे काम तर आणखी सोपे आहे. बाई थकले म्हणाली की तिला वयाचे, पाळीचे किंवा स्वभावाचे कारण न देता तपासणीला न्यायचे आणि गोळी सुरू झाल्यावर सकाळचा चहा दुसऱ्या कुणीतरी ठेवायचा.